बाटली नंबर ५३-एन

रोवणीचे दिवस आले की मौदा तालुक्यात एक भीती ठरलेली असते. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची जुडी आणि मनाच्या एका कोपऱ्यात साप. चावलाच तर माणसाला गाडीवर मधात बसवून सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे एक छोटीशी कुपी फोडली जाते आणि सलाईनमधून औषध अंगात जातं. ती कुपी तुम्ही कधी हातात घेऊन बघितली आहे? तिच्यावर बॅच नंबर असतो, बनवल्याची तारीख असते, मुदत संपायची तारीख असते. आणि बरेचदा एक नावही असतं, हाफकिन. लहानपणी पोलिओ रविवारी बूथवर तुमच्या जिभेवर जे दोन थेंब पडले, तेही मुंबईच्या परळमधल्या याच हाफकिनच्या आवारातून आलेले असण्याची चांगलीच शक्यता आहे.

हाफकिन म्हणजे काय, असं कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. कुणी कंपनी म्हणेल, कुणी सरकारी योजनेचं नाव म्हणेल. खरं तर ते एका माणसाचं आडनाव आहे. वाल्डेमार हाफकिन. हा माणूस भारतीय नव्हता, इंग्रज नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. त्याने कॉलरा आणि प्लेग अशा दोन रोगांवर लसी बनवल्या, दोन्ही आधी स्वतःला टोचून घेतल्या, आणि कुपीवरच्या त्या क्षुल्लक दिसणाऱ्या बॅच नंबरपायी त्याचं सगळं आयुष्य उलटंपालटं झालं.

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज ते युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला इल्या मेचनिकोव्ह होते, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. पोरगा हुशार होता आणि तापटही. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये तो होता, त्यापायी अटकही झाली. डिग्री मिळाली, डॉक्टरेट झाली, पण विद्यापीठात पक्की नोकरी हवी असेल तर धर्म बदल, अशी अट समोर आली. त्याने नाही म्हटलं आणि ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या म्युझियममध्ये, काम करत राहिला.

१८८८ मध्ये त्याने देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह पोचले होते आणि त्यांच्या ओळखीने याला तिथे जागा मिळाली. कसली? लायब्ररियनची. दिवसा पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत घुसायचं. जॉब आणि आवड अशा दोन डगरींवर पाय ठेवून जगणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांना हे ओळखीचं वाटेल.

त्या उरलेल्या वेळात त्याने कॉलऱ्याचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे नेत नेत अतिशय जहाल केले आणि त्यातून लस तयार केली. १८ जुलै १८९२ ला ती स्वतःला टोचली. ताप आला, उतरला. आता खरी चाचणी हवी होती आणि ती जिथे कॉलरा आहे तिथेच होणार. पॅरिसमधले तेव्हाचे ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने वाट निघाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरला.

पुढच्या अडीच वर्षांत त्याने आणि त्याच्या माणसांनी चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत तो पहाटे कामाला जाणाऱ्यांना गाठायचा आणि संध्याकाळी परतणाऱ्यांना. लोक घाबरलेले होते, चिडलेले होते, काही ठिकाणी दगडही आले. शेवटी मलेरियाने त्याला असं धरलं की १८९५ मध्ये इंग्लंडला परतावं लागलं. पण पुढच्याच वर्षी तो पुन्हा इकडे हजर.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण सापडले. प्लेग. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात याला पिलेग म्हणायचे. गावं ओस पडायची आणि लोक शेतात झोपड्या घालून राहायचे. मुंबईतून माणसं लाखांनी पळाली. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडलेला होता. तो पिसवांमार्फत पसरतो हे तर अजून कुणी मांडलंही नव्हतं.

सरकारने हाफकिनला मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये तो पोचला तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. स्टाफ म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई. महाराष्ट्रातली आजची एवढी मोठी हाफकिन संस्था सुरू झाली ती अशी.

ही लस बनवण्याची रीत जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी लढाई तिच्यावरूनच झाली. जंतू वाढवायचे तर त्यांना खायला हवं. युरोपात त्यासाठी गोमांसाचा रस्सा वापरत. इथे ते चालणार नव्हतं, लस कुणी घेतलीच नसती. म्हणून हाफकिनने बकऱ्याचं मटण आम्लात विरघळवून त्याचा रस्सा केला. मोठ्या काचेच्या चंबूत तो भरला आणि वरून टाकले तुपाचे थेंब. हो, तुपाचे. प्लेगचे जंतू या तरंगत्या तुपाच्या बुडाशी चिकटतात आणि आढ्यावरून कोळिष्टकं लोंबावीत तसे खाली लोंबत वाढतात. दर काही दिवसांनी चंबू हलवायचा. लोंबकळणारे जंतू तळाशी पडतात, वर नवे वाढतात. असं पाच-सहा आठवडे. यात एक मोठा फायदा होता. दुसरा कुठला जंतू शिरला तर ही कोळिष्टकं तशी दिसत नाहीत, म्हणजे मिसळ झाली का ते डोळ्यांनाच कळतं. मग चंबू एक तास ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवायचा, जंतू मरतात. शेवटी थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, अर्धा टक्का. बाटल्यांत भरायचं, बूच लावायचं, नंबर टाकायचा.

तीन महिन्यांत लस तयार झाली. या काळात हाफकिन झोपायचा कधी हा प्रश्नच आहे; एका मदतनिसाची तब्येत पार ढासळली, दोघं काम सोडून गेले. १० जानेवारी १८९७ ला त्याने स्वतःला टोचून घेतलं, पुढे लोकांना द्यायच्या डोसापेक्षा कितीतरी जास्त. ताप चढला, हात सुजला, तरी तो बैठकीला जाऊन बसला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारलं, तयार झाले त्यांना टोचलं, बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांमध्ये प्लेग कमी, मरण तर त्याहून कमी. टोचायच्या दिवशीच ज्यांना गाठ आलेली होती ते मात्र वाचले नाहीत.

तारखा शेजारी ठेवून बघा. हाफकिनने मुंबईत सुई घेतली ती १० जानेवारीला. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, रुग्णांची सेवा करता करता. लस होती, पण ती एका खोलीत बनत होती. आणि जून महिन्यात पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या नावाखाली घरांत घुसणारे सोल्जर, बायकांची तपासणी, सामानाची होळी, हे सगळं लोकांच्या डोक्यात होतं. अशा वातावरणात एक गोरा परदेशी सुई घेऊन येतो, तर लोक हात पुढे का करतील? हाफकिनला ते कळत होतं. सक्ती करू नका, लोक राजी होतील तितकंच टोचा, अशी त्याची रीत होती. मुंबईत आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली, आपल्या समाजाला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला.

१८९८ च्या सुरुवातीला बडोद्याजवळच्या उंधेरा गावात जे झालं ते वाचताना अंगावर काटा येतो. गावात प्लेग होता. हाफकिनने घरटी माणसं उभी केली आणि प्रत्येक घरातल्या जवळपास निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकच घर, एकच पाणी, एकच चूल. ७१ जणांना लस, ६४ जणांना नाही. काही आठवड्यांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांपैकी ३ गेले होते, न घेतलेल्यांपैकी २६. आज असा प्रयोग करायला कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही आणि देऊही नये, असं माझं मत आहे. पण त्या आकड्यांनंतर लसीवर शंका घेणं अवघड झालं.

१० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, जिथे गव्हर्नर राहायचे त्या वाड्यात, प्लेग संशोधन प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. हाफकिन संचालक. व्हरांड्यापासून राजवाड्यापर्यंतचा हा प्रवास तीन वर्षांतला आहे. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या बऱ्याच साहेबांना मात्र तो पचला नव्हता. रशियातून आलेला ज्यू, त्यात डॉक्टर नाही, आणि आमच्यावर साहेब?

मग पंजाबात प्लेग भडकला. १९०२ च्या हिवाळ्यासाठी पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचायची मोहीम आखली आणि लसीची मागणी परळवर येऊन आदळली. जुन्या रीतीने एवढी लस वेळेत होणं शक्य नव्हतं. हाफकिनने प्रक्रिया बदलली. रश्श्याऐवजी आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, जंतू वाढवले. वेळ वाचला. शेवटचं कार्बोलिकही गाळलं, कारण पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते न घालताच लस बनत होती आणि निर्जंतुक करायला उष्णता पुरेशी होती. शास्त्राच्या बाजूने यात चूक काढणं कठीण आहे. पण सरकारने मान्य केलेली रीत त्याने सरकारला न विचारता बदलली. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही विचारा, अशा गोष्टी सगळं सुरळीत असेपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाहीत.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. आठवडाभरात १९ जणांचे जबडे बसायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती, नंबर ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांना टोचलं त्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

म्हणजे धनुर्वाताचे जंतू त्या एकाच बाटलीत गेले होते. प्रश्न एवढाच, कुठे? परळला भरताना, की मुल्कोवालला उघडताना?

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स. आयोगाचा कल असा पडला की बाटली उघडण्याआधीच दूषित झालेली होती, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक गाळणं ही गंभीर चूक, असंही ठरलं. हाफकिनला संचालकपदावरून दूर केलं, बिनपगारी रजा दिली आणि १९०४ मध्ये तो इंग्लंडला परतला. हजारो लोकांना वाचवणारा माणूस आता १९ जणांच्या मरणाचा धनी ठरला होता.

पण त्याच चौकशीत एक साधी गोष्ट नोंदली गेली होती. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बूच काढलं. चिमटा ज्योतीत धरायचा, असा नियम होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, शेणात असतात, आणि कार्बोलिकमध्ये नुसतं बुचकळून ते मरत नाहीत. म्हणजे परळच्या लसीत तो अर्धा टक्का असता तरी त्यांचं काही वाकडं झालं नसतं. आणखी एक. धनुर्वाताचे जंतू वाढले की घाण वास मारतात. बाटली भरून चाळीसहून जास्त दिवस झाले होते. भरतानाच जंतू गेले असते तर उघडल्याबरोबर वास यायला हवा होता. टोचणाऱ्या डॉक्टरला तसा काहीच वास आला नव्हता. हे सगळं कागदावर होतं, पण ते कागद सरकारने बरीच वर्षं बाहेरच येऊ दिले नाहीत. अहवाल छापला गेला तो चार वर्षांनी.

तुमच्यापैकी जे बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेऊन बसलेत त्यांना प्रॅक्टिकलमध्ये सारखं बोलणं खावं लागत असेल: लूप ज्योतीत लाल कर, झाकण टेबलावर ठेवू नको. मौद्याच्या कुठल्या गावातून पिण्याच्या पाण्याचा नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत जायचा असेल तरी हेच. नळाचं तोंड आधी ज्योतीने भाजायचं, बाटली निर्जंतुक केलेली हवी, तिचं बूच हातातच धरायचं, खाली ठेवायचं नाही, चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ लिहायची, आणि नमुना २४ तासांच्या आत टेबलावर पोचला पाहिजे. ही कटकट वाटते. मुल्कोवालला ज्योतीत धरायचे चार सेकंद वाचवले गेले होते.

लंडनमध्ये हाफकिनने हार मानली नाही. लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे तपासले आणि दोष परळवर टाकता येत नाही, असं मत दिलं. मग बाजू घेऊन उभा राहिला रोनाल्ड रॉस, मलेरिया डासांमुळे होतो हे शोधून १९०२ चं नोबेल मिळवलेला. रॉस स्वतः हिंदुस्थानातल्या सरकारी वैद्यकीय खात्यात राबलेला माणूस, तिथले साहेब त्याला पुरते ठाऊक. त्याने लंडनच्या टाइम्समध्ये लिहायला सुरुवात केली. २९ जुलै १९०७ ला रॉससह अनेक नामांकित जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र टाइम्समध्ये छापून आलं: पुरावा हाफकिनच्या विरुद्ध नाही, बाजूने आहे. काहींनी या प्रकरणाला फ्रान्समधल्या ड्रेफस खटल्याची बारकी आवृत्ती म्हटलं. ड्रेफसही ज्यू, तोही न केलेल्या गुन्ह्यात अडकवलेला.

सरकारने आरोप मागे घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन परत आला, पण परळला नाही. मुंबईची जागा भरलेली होती, म्हणून त्याला कलकत्त्याच्या प्रयोगशाळेचं संचालकपद दिलं. पगार तोच. मात्र नव्या लसीच्या चाचण्या करायची परवानगी नाही. हे मला त्या बिनपगारी रजेपेक्षा जास्त क्रूर वाटतं. माणूस निर्दोष आहे असं जाहीर करायचं आणि त्याला त्याचं काम मात्र करू द्यायचं नाही. मरण पावलेल्या जंतूंपासून कॉलऱ्याची अधिक सुरक्षित लस करायची त्याची कल्पना होती. तीही कागदावर राहिली. पन्नाशी ओलांडून तो निवृत्त झाला आणि १९१५ च्या आसपास युरोपला गेला तो कायमचा.

परळची लस मात्र थांबली नाही. १८९७ पासून १९२५ पर्यंत तिथून प्लेगच्या लसीचे दोन कोटी साठ लाख डोस बाहेर गेले. प्रयोगशाळेचं नाव १९०६ मध्ये बदलून मुंबई जंतुशास्त्र प्रयोगशाळा झालं होतं. १९२५ मध्ये तेव्हाचे संचालक मॅकी यांनी पुढाकार घेतला आणि दारावर पाटी लागली ती हाफकिन इन्स्टिट्यूटची. हाफकिन तेव्हा जिवंत होता, युरोपात होता. त्याने आभार कळवले आणि आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं मुंबईच्या त्या कामात गेली, असंही लिहिलं. तक्रारीचा एक शब्द नाही.

शेवटच्या काळात तो पक्का धार्मिक झाला होता. लग्न केलं नव्हतं. साठवलेला सगळा पैसा पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवला, आणि त्यांना धर्माबरोबर विज्ञान किंवा एखादा हुन्नरही शिकवावा, असं बघितलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये, लोझान गावी, तो गेला. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं.